सात वर्षं म्हणजे नेमकी किती?

१९४३ सालच्या मे महिन्यात ऑलिव्हिया डी हॅविलंड या हॉलिवूडच्या नटीचा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओशी झालेला सात वर्षांचा करार संपला. निदान भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे तरी संपला. करार लागू झाला होता १९३६च्या मे महिन्यात. हिशेब बोटांवर करता येईल इतका सोपा होता. स्टुडिओचं म्हणणं मात्र असं, की अजून पंचवीस आठवडे बाकी आहेत, ते भरून दे आणि मग जा.

हे पंचवीस आठवडे आले कुठून, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्याचं उत्तर शोधायला बसलं की जुन्या हॉलिवूडची सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर उलगडते. ऑलिव्हिया या प्रश्नासाठी कोर्टात गेली, म्हणून कॅलिफोर्नियातला एक कायदा आजही तिच्या नावाने ओळखला जातो. तिच्या नावावर अभिनयाची दोन ऑस्कर आहेत, 'गॉन विथ द विंड'मधली मेलनी आहे, एकशे चार वर्षांचं भरगच्च आयुष्य आहे. तरीही मला तिची सगळ्यात मोठी कामगिरी कोर्टातलीच वाटते. कायद्याची गोष्ट म्हटली की वाचणारा दचकतो, म्हणून सावकाश जाऊ.

आधी तो करार. १९३०च्या दशकात हॉलिवूडवर पाच बड्या स्टुडिओंचं राज्य होतं: एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ. चित्रपट बनवणारे हेच, वाटणारे हेच आणि थिएटरंही यांचीच. नट-नट्या, लेखक, कॅमेरामन हे सगळे पगारी नोकर. आज एखादी नटी सिनेमा 'साइन' करते, मानधन ठरवते, काम संपलं की मोकळी होते. तेव्हा तसं नव्हतं. दर आठवड्याला पगार मिळायचा आणि स्टुडिओ देईल ते काम करायचं.

या कराराला सात वर्षांचा करार म्हणत. त्यात एक मेख होती. सात वर्षं बांधलेली असायची ती नटी. स्टुडिओ बांधलेला असायचा एका वेळी एकाच वर्षासाठी. बावन्न आठवडे झाले की पुढचं वर्ष ठेवायचं की नाही, हे स्टुडिओ ठरवणार. सिनेमे पडले तर नारळ देणार. सिनेमे चालले तर तिला ठरलेल्या पगारावर ठेवून घेणार, मग बाहेर तिचा भाव कितीही वाढलेला असो. नटीला मात्र वर्षाच्या शेवटी 'मी निघते' म्हणायची सोय नाही. एकाच बाजूने उघडणारं दार होतं ते.

दुसरी गोष्ट, उसनवारी. एखाद्या स्टुडिओला दुसऱ्याकडची नटी हवी असेल तर तो ती भाड्याने मागायचा. भाडं पगारापेक्षा जास्त ठरायचं. तो वरचा पैसा नटीच्या मालक स्टुडिओच्या खिशात जायचा आणि नटीला तिचा नेहमीचाच पगार मिळायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे 'सस्पेन्शन', आणि आपले पंचवीस आठवडे इथलेच. समजा सोमवारी सकाळी नटीच्या घरी पटकथा आली. तिने ती वाचली आणि कळवलं की ही भूमिका मला करायची नाही. त्या दिवसापासून तिचा पगार बंद. ती भूमिका दुसऱ्या कुणाला दिली आणि तिला ती पुरी करायला दहा आठवडे लागले, तर हिला दहा आठवडे पगार नाही. या काळात दुसरीकडे काम करायलाही बंदी. एवढ्यावर भागलं असतं तर तो नुसता दंड म्हणता आला असता. पण हे दहा आठवडे कराराच्या शेवटी जोडले जायचे. पुन्हा नकार दिला की पुन्हा जोड. जितक्या वेळा 'नाही' म्हणाल, तितकी सुटका लांब. स्वतःची पारख असलेली, वाईट भूमिका नाकारणारी नटी सगळ्यात जास्त काळ अडकायची आणि मान खाली घालून येईल ते करणारी वेळेवर सुटायची. या व्यवस्थेचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

आता ऑलिव्हियाकडे वळू. तिचा जन्म १ जुलै १९१६ला टोकियोत झाला. आईवडील इंग्रज. ती लहान असतानाच आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली आणि साराटोगा नावाच्या छोट्या गावात ऑलिव्हिया वाढली. धाकटी बहीण म्हणजे पुढे जोन फाँटेन या नावाने गाजलेली नटी. ऑलिव्हियाला व्हायचं होतं शिक्षिका. मिल्स कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली होती. १९३४ साली माक्स राइनहार्ट या नामवंत दिग्दर्शकाने हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवलं. त्यात हर्मियाच्या भूमिकेसाठी ऑलिव्हिया राखीव नटी होती. मुख्य नटी ऐनवेळी सिनेमाच्या कामाला निघून गेली आणि ही अठरा वर्षांची मुलगी हजारो प्रेक्षकांसमोर उभी राहिली. वॉर्नरने त्या नाटकाचा सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा तिच्याशी करार केला, आठवड्याला २०० डॉलर. सुमारे दीड वर्षाने, एप्रिल १९३६मध्ये नवा करार झाला, आठवड्याला ५०० डॉलर आणि मुदत सात वर्षं. हाच तो करार.

मंदीच्या काळात ५०० डॉलर ही मोठी रक्कम होती आणि ते तिनेही कधी नाकारलं नाही. तिची तक्रार पैशांची नव्हतीच. एरॉल फ्लिनबरोबर 'कॅप्टन ब्लड'पासून तिचे आठ सिनेमे झाले, 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' तर आजही आवडीने पाहिला जातो. पण या सिनेमांत तलवार फ्लिनच्या हातात. हिने सुंदर दिसायचं, काळजीत पडायचं आणि शेवटी त्याच्या मिठीत जायचं. तिला अशी माणसं रंगवायची होती ज्यांच्या आत काही चाललेलं असतं.

तशी संधी आली ती बाहेरून. निर्माता डेव्हिड सेल्झनिक 'गॉन विथ द विंड'साठी मेलनीच्या शोधात होता. सगळ्या नट्यांचा डोळा नायिका स्कार्लेटवर, ऑलिव्हियाला मात्र मेलनीच हवी होती. स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तिला उसनी द्यायला तयार होईना. तेव्हा तिने त्याची बायको ॲन वॉर्नर हिला ब्राउन डर्बी या रेस्टॉरंटमध्ये चहाला बोलावलं आणि मन मोकळं केलं. ॲनने नवऱ्याचं मन वळवलं. १९३९चा तो सिनेमा आणि त्यातली मऊ वाटणारी पण आतून पोलादी मेलनी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिचं नाव आलं. तो पुरस्कार मिळाला त्याच सिनेमातल्या हॅटी मॅकडॅनिएल यांना, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या.

एवढं होऊन ती वॉर्नरकडे परतली तर पुढ्यात पुन्हा तसल्याच पटकथा. १९४१ साली पॅरामाउंटला उसनी गेली, 'होल्ड बॅक द डॉन' केला आणि पुन्हा नामांकन, यावेळी मुख्य अभिनेत्रीसाठी. (त्या वर्षी ऑस्कर नेलं तिच्या धाकट्या बहिणीने. दोघींच्या अबोल्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथे तो विषय नको.) त्या काळातली तिची दोन्ही नामांकनं दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी होती. ज्यांची ती नोकर होती त्यांना तिच्यात काय आहे हे दिसतच नव्हतं. 'गॉन विथ द विंड'नंतर ती नकार देऊ लागली होती. एकेक सस्पेन्शन साठत गेलं आणि त्याची बेरीज सुमारे पंचवीस आठवडे झाली.

असं भांडण काढणारी ती पहिली नव्हती. वॉर्नरच्याच जेम्स कॅग्नीने १९३६ साली कोर्टात बाजी मारली होती, पण त्याच्या बाबतीत स्टुडिओने स्वतःच कराराचं कलम मोडलं होतं. त्यामुळे इतरांना त्याचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी बेटी डेव्हिस स्टुडिओला न जुमानता इंग्लंडला सिनेमा करायला गेली. वॉर्नरने लंडनच्या कोर्टात मनाईहुकूम मिळवला आणि तिला परत यावं लागलं. कोर्टात वॉर्नरच्या वकिलाने तिला 'खोडकर मुलगी' ठरवलं होतं. स्वतःच्या कामाबद्दल गंभीर असलेल्या बाईला हट्टी पोर ठरवायचं, ही स्टुडिओंची जुनी चाल.

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. कोर्ट कुणालाही 'जा आणि अभिनय कर' असा हुकूम देत नाही. माणसाला जबरदस्तीने कामाला लावणं म्हणजे वेठबिगारी. पण 'यांच्याकडे नाही तर कुठेच नाही' असा मनाईहुकूम कोर्ट देऊ शकतं. बेटी डेव्हिसला अडवलं ते यानेच. परिणाम मात्र जवळजवळ तोच होतो, कारण घरी बसून किती दिवस काढणार? आणि पडद्यावरच्या नटीची वर्षं मोजकी असतात, ती वाट पाहत नाहीत.

या हत्यारालाच कॅलिफोर्नियाच्या कायद्याने एक मर्यादा घातली होती. माणसाच्या अंगमेहनतीचा किंवा कौशल्याचा करार ठरावीक मुदतीपलीकडे त्याच्यावर लादता येणार नाही, असा हा नियम १८७२पासूनचा आहे. तेव्हा मुदत होती दोन वर्षं. पुढे ती पाच झाली आणि १९३१ साली सात. १९३७मध्ये तो कामगार कायद्यात कलम २८५५ म्हणून आला. म्हणजे ऑलिव्हियाच्या हाताशी कायदा आधीपासून होता. मार्टिन गँग या वकिलाने ते कलम तिच्यासमोर ठेवलं. कलमात सात वर्षं स्पष्ट लिहिलेली होती, पण सात वर्षं म्हणजे काय हे सिनेमाच्या कुठल्या नटीने आजवर कोर्टाकडून ठरवून घेतलं नव्हतं.

स्टुडिओचं म्हणणं होतं, सात वर्षं म्हणजे सात वर्षांचं प्रत्यक्ष काम. घरी बसलेले आठवडे मोजायचे नाहीत. गँगचं म्हणणं होतं, सात वर्षं म्हणजे कामाला लागल्याच्या दिवसापासून कॅलेंडरवरची सात वर्षं. मध्ये काहीही घडो.

ऑगस्ट १९४३मध्ये तिने दावा लावला. कोर्टातली एक गोष्ट ती पुढे मुलाखतींत सांगायची. स्टुडिओचा वकील तिला लाडावलेली, बेजबाबदार नटी म्हणून उभी करायला पाहत होता. अमुक तारखेला अमुक भूमिका करायला तुम्ही नकार दिलात, हे खरं ना, असं तो दरडावून विचारायचा. ती शांतपणे सांगायची, की मी नकार दिला नाही, मी ती भूमिका विनयाने बाजूला ठेवली. इंग्रजीत या दोन शब्दांत जो फरक आहे तो आपल्याकडे 'धुडकावणं' आणि 'नको म्हणणं' यांत आहे. एक उद्दामपणा आहे, दुसरा माणसाचा साधा हक्क. आवाज न चढवता ती त्या एका शब्दावर ठाम राहिली. मेलनी आठवते इथे.

खालच्या कोर्टात ती जिंकली. वॉर्नरने अपील केलं आणि इतर स्टुडिओंना पत्रं पाठवून कळवलं की ही आमच्या करारात आहे, हिला काम देऊ नका. त्यामुळे जिंकूनही ती बेकार. जवळपास दोन वर्षं सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही आणि वकिलांचा खर्च स्वतः भरत राहिली. त्या काळात तिने लष्करी इस्पितळांचे दौरे केले, जखमी सैनिकांशी बोलत वॉर्डावॉर्डांतून हिंडली. अशाच दौऱ्यात पॅसिफिकमधल्या फिजी बेटांवर तिला न्यूमोनिया झाला आणि तिलाच इस्पितळात पडून राहावं लागलं. हरली असती तर कारकीर्द तिथेच संपली असती, यात मला शंका नाही.

८ डिसेंबर १९४४ला अपील कोर्टाने निकाल दिला. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. शिवाय कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, जी मला निकालाचा खरा गाभा वाटते. स्टुडिओचा युक्तिवाद होता की हिने स्वतः सही केली, स्वतः काम नाकारलं, म्हणजे कायद्याचं संरक्षण तिने आपणहून सोडलं. कोर्ट म्हणालं, हे संरक्षण एकट्या व्यक्तीसाठी नाही, काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. असं सार्वजनिक हिताचं संरक्षण खासगी करारात सही करून सोडून देता येत नाही. साधा विचार केला तरी हे पटतं. सहीने संरक्षण जात असतं, तर प्रत्येक मालकाने नोकरीवर घेतानाच ती सही करून घेतली असती आणि कायदा कागदावर उरला असता. फेब्रुवारी १९४५मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने या निकालात हात घालायला नकार दिला आणि विषय संपला.

फायदा एकटीचा झाला नाही. महायुद्धावर गेलेल्या नटांचा काळही स्टुडिओंना कराराच्या शेवटी जोडायचा होता. जेम्स स्टुअर्ट चार वर्षं हवाई दलात काढून परतला तेव्हा त्याला पुन्हा एमजीएमच्या दावणीला जावं लागलं नाही. या एका निकालाने स्टुडिओंची सत्ता कोसळली असं काहीजण लिहितात, ते मात्र खरं नाही. १९४८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्टुडिओंना थिएटरांची मालकी सोडायला लावली, त्यात दूरचित्रवाणी आली, तेव्हा तो डोलारा खरा हलला. ऑलिव्हियाने त्यातला एक खांब काढला, पण तो खांब माणसांच्या डोक्यावर होता.

मराठी वाचकाला इथे शांता आपटे आठवतील. प्रभातमध्येही कलाकार पगारावर असत. 'कुंकू'च्या या नायिकेने १९३९ साली करार आणि पगाराच्या वादातून पुण्यात प्रभातच्या फाटकासमोर उपोषण केलं होतं. जगाच्या दोन टोकांना, चार-पाच वर्षांच्या अंतराने, दोन नट्या आपापल्या कंपनीपुढे उभ्या राहिल्या. एकीने कायद्याचं कलम पुढे केलं, दुसरीने स्वतःची तब्येत पणाला लावली. शांताबाईंचं ते धैर्य आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

ऑलिव्हियाचा कायदा अजून जिवंत आहे. २००८ साली 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडवर त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने तीन कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा बँडने हाच आधार घेतला आणि पुढे तडजोड झाली. गाणाऱ्यांसाठी मात्र १९८७मध्ये या कायद्यात एक पाचर मारली गेली आहे. गायक सात वर्षांनी सोडून जाऊ शकतो, पण ठरलेल्यापेक्षा कमी अल्बम दिले असतील तर कंपनी भरपाई मागू शकते. नटाला एक न्याय आणि गायकाला दुसरा, हे मला अजून पटलेलं नाही.

तिचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. १९५०च्या दशकात ती पॅरिसला राहायला गेली आणि तिथलीच झाली. १९६५मध्ये कान महोत्सवाच्या ज्युरीचं अध्यक्षपद भूषवणारी ती पहिली स्त्री. एकशे एकाव्या वर्षी तिने पुन्हा एक दावा लावला, एका मालिकेत आपलं चित्रण परवानगीशिवाय आणि चुकीचं केलं म्हणून. तो ती हरली. २६ जुलै २०२०ला पॅरिसमध्येच ती गेली.

पण मला तिच्या सुटकेनंतरची पहिली चार-पाच वर्षं जास्त मोलाची वाटतात. १९४६च्या 'टू ईच हिज ओन'ने पहिलं ऑस्कर दिलं. १९४८च्या 'द स्नेक पिट'साठी ती मनोरुग्णालयांत जाऊन रुग्णांना आणि उपचारांना जवळून पाहून आली. मग न्यूयॉर्कला तिने 'द एअरेस' हे नाटक पाहिलं. बापाच्या टोमण्यांखाली वाढलेली, रूपाने साधी, पैशासाठी फसवली गेलेली मुलगी आणि तिचं हळूहळू दगड होत जाणं. तिने स्वतः दिग्दर्शक विल्यम वायलरला सांगितलं, हे नाटक बघ. ज्या बाईच्या दारात सोमवारी पटकथा येऊन पडायच्या, ती आता दिग्दर्शकाला भूमिका सुचवत होती. सिनेमा झाला आणि १९४९च्या त्या सिनेमाने दुसरं ऑस्कर आणलं.

त्यातला एक प्रसंग. प्रियकराबरोबर पळून जायला ती बॅग भरून खाली येऊन बसलेली असते. रात्र सरते, तो येत नाही. पहाटे ती तीच बॅग उचलून जिना चढते. वायलर टेकवर टेक घेत होता आणि त्याला हवं ते मिळत नव्हतं. शेवटी वैतागून तिने बॅग त्याच्या दिशेने फेकली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, बॅग रिकामी आहे. त्याने ती जड पुस्तकांनी भरून दिली. पडद्यावर आपण पाहतो ती त्यानंतरची ऑलिव्हिया: कठड्याला धरून, एकेक पायरी, खांदा एका बाजूला ओढला गेलेला, आणि हातातलं ओझं खरोखरीचं.